मांडवीकाठचा उत्सव : पणजीतील कला, संस्कृती आणि पर्यटन यांच्या संबंधांची चिकित्सा

प्रस्तावना

'कला, संस्कृती आणि पर्यटन' ही शब्दत्रयी शासकीय धोरणांत, अर्थसंकल्पीय भाषणांत आणि महोत्सवांच्या निमंत्रणपत्रिकांत आता इतकी रुळली आहे की, त्यातील 'आणि' या अव्ययाकडे कोणाचे लक्ष जात नाही. हे अव्यय तिघांना एका पंक्तीला बसवते आणि कोण कोणासाठी आहे, हा प्रश्न झाकून टाकते. पर्यटनामुळे कलेला आश्रय मिळतो आणि कलेमुळे पर्यटनाला दर्जा येतो, हे गृहीतक वरवर पाहता निर्विवाद वाटते. ते कोणत्या कलेच्या बाबतीत खरे ठरते आणि कोणत्या कलेच्या बाबतीत ठरत नाही, याची तपासणी मात्र क्वचितच केली जाते.

प्रस्तुत लेखात ही तपासणी पणजी या एका शहरापुरती मर्यादित ठेवली आहे. मांडवीच्या मुखाशी वसलेले हे शहर आकाराने लहान आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महापालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे ४० हजार होती. तरीही आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, सेरेंडिपिटी कला महोत्सव, शासकीय कार्निव्हल, शिगमो मिरवणूक आणि लोकोत्सव असे उपक्रम वर्षभरात या शहरात पार पडतात. इतक्या छोट्या नगरात सांस्कृतिक कार्यक्रमांची एवढी दाटी देशात अन्यत्र फारशी आढळणार नाही. त्यामुळे पर्यटनप्रेरित सांस्कृतिक प्रसाराचे गुणदोष येथे ठळकपणे पाहता येतात.

पाण्याकडे तोंड असलेले शहर

पणजीचे राजधानीपण हे जुने गोवे ओस पडल्याचे फळ होय. साथीच्या रोगांनी जुन्या राजधानीतील वस्ती विरळ झाल्यानंतर १७५९ साली व्हाइसरॉयने आपले निवासस्थान पणजीतील आदिलशहाच्या राजवाड्यात हलवले. १८४३ मध्ये राजाज्ञेने पणजीला राजधानीचा दर्जा मिळाला. त्यापूर्वी डॉम मान्युएल द पोर्तुगाल ए कास्त्रो यांच्या कारकिर्दीत येथील दलदलीची जमीन भरून काढण्याचे आणि आखीव रस्ते बांधण्याचे काम झाले होते. म्हणजे आज 'वारसा' म्हणून दाखवला जाणारा नदीकाठ हा मुळात भरावावर उभा राहिलेला, एका प्रशासकीय गरजेतून जन्मलेला नदीकाठ आहे.

या काठावर एकापाठोपाठ एक इमारती उभ्या आहेत: आदिलशहाचा राजवाडा, ज्यात पुढे सचिवालय व २००० सालापर्यंत विधानसभा भरत असे, १८४२ साली सुरू झालेल्या वैद्यकीय विद्यालयाची जुनी वास्तू, मिनेझिस ब्रागांझा संस्थेचे प्रवेशदालन, ज्याच्या भिंतींवर जॉर्ज कोलासो यांनी १९३५ साली चितारलेल्या निळ्या फरशांचे पट आहेत, आणि काँपालला कला अकादमी. राजवाड्याला लागून आबे फारिया यांचा १९४५ साली उभारलेला पुतळा आहे. संमोहनाच्या आविर्भावातील या पुतळ्यासमोर छायाचित्र काढून घेणाऱ्यांची रोज रीघ लागते, परंतु तो घडवणारे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत हे गोमंतकीय होते, ही गोष्ट त्यांपैकी किती जणांच्या कानावर पडते हा प्रश्नच आहे. शहराची प्रसिद्धी होते आणि कलावंत अनाम राहतो, याचे हे एक लहानसे उदाहरण.

नौकाविहारातील देखणी

सायंकाळी सांता मोनिका धक्क्यावरून सुटणाऱ्या नौकाविहारात तासाभराचा 'सांस्कृतिक कार्यक्रम' असतो. त्यात देखणी, फुगडी, कोरिडिन्यो असे नृत्यप्रकार सादर होतात आणि मधल्या वेळात हिंदी चित्रपटगीतांवर प्रवाशांना नाचवले जाते. गोव्यात दोन दिवसांसाठी येणाऱ्या बहुसंख्य पर्यटकांना गोमंतकीय कलेचे दर्शन घडते ते बहुधा एवढेच.

यातील देखणी हा प्रकार विचार करण्याजोगा आहे. कोकणी बोल, पाश्चात्त्य स्वररचना आणि घुमटाचा ठेका यांचा मेळ घालणारा हा गीतनृत्यप्रकार एकोणिसाव्या शतकातील गोमंतकीय ख्रिस्ती समाजात रुजला. त्यातील सर्वांत परिचित रचनेत लग्नघरी निघालेली कलावंतीण नदीपार जाण्यासाठी नावाड्याची विनवणी करते आणि त्याला पायीचे दागिने देऊ करते. १९७३ च्या 'बॉबी' या चित्रपटातील गीतामुळे तिची चाल देशभर पोहोचली. ख्रिस्ती रचनाकाराने हिंदू देवळाच्या परिसरातील कलावंतिणीची व्यक्तिरेखा गाण्यात आणावी, तिच्या तोंडी आर्जव, आमिष आणि नावाड्याचा नकार यांचे छोटेसे नाट्य घालावे, यात त्या काळच्या गोमंतकीय समाजाचे, त्यातील जातींचे व धर्मांचे, परस्परांकडे पाहण्याच्या ओढीचे आणि अंतराचेही दर्शन घडते. नदी ओलांडणे हा या गीताचा विषय आहे आणि ते नदीवरच सादर होते, हा योग खरे तर दुर्मीळ म्हटला पाहिजे. परंतु नौकेवर गीताचा अर्थ सांगितला जात नाही, सांगण्यास अवधीही नसतो. प्रेक्षकाला त्यातून वेषभूषा, लय आणि 'हे गाणे ऐकलेले आहे' एवढी ओळख मिळते.

येथे डीन मॅकॅनेल यांनी १९७३ साली मांडलेली 'मंचित अस्सलता' ही संकल्पना वापरण्याचा मोह होतो. पर्यटकाला अस्सल जीवन पाहायचे असते आणि त्याच्यासाठी त्या अस्सलतेचा रंगमंच उभारला जातो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. गोव्याच्या संदर्भात मात्र ही संकल्पना जपून वापरली पाहिजे. देखणी ही प्रारंभापासूनच सादरीकरणासाठी रचलेली कला आहे. तिच्यातील कलावंतीण हीच मुळात एक धारण केलेली भूमिका आहे. तेव्हा नौकेवरील देखणी 'नकली' आहे, ही तक्रार फारशी टिकत नाही. तक्रार करायची तर ती निराळी आहे. या प्रयोगात शब्दाला स्थान उरलेले नाही.

निःशब्द कलांची निवड

पणजीतील सांस्कृतिक प्रसाराकडे या दृष्टीने पाहिले असता एक सूत्र हाती लागते. ज्या कलेला भाषा लागत नाही, जी काही मिनिटांत पाहून होते आणि जी एका जागेवरून उचलून दुसरीकडे मांडता येते, तिचीच निवड प्रसारासाठी होते. ही निवड कोणी हेतुपुरस्सर केलेली आहे असे नाही. पर्यटकाची भाषा आणि त्याच्याजवळचा वेळ या दोन मर्यादांतून ती आपोआप घडते. मात्र तिचे परिणाम दूरगामी आहेत.

शिगम्याचे उदाहरण घेता येईल. गावातील शिगमो मांडावर सुरू होतो. मांड म्हणजे नाचण्याची मोकळी जागा एवढाच अर्थ नव्हे. ती ग्रामदेवतेशी जोडलेली, ठरलेल्या कुळांच्या मानापानांनी बांधलेली जागा असते. तेथे आधी नमन होते, मग गीते आणि नृत्ये. सत्तरी, डिचोली, पेडणे या भागांत घोडेमोडणीसारखे प्रकार त्या-त्या गावाच्या विधींचा भाग म्हणून होतात. पर्यटन खात्याच्या साहाय्याने शहरांत निघणाऱ्या मिरवणुकीत मात्र हीच पथके स्पर्धक म्हणून उतरतात. रोमटामेळ, लोकनृत्य आणि चित्ररथ अशा विभागांत बक्षिसे असतात. परीक्षकांच्या मंचासमोर काही मिनिटे नाचून पथकाला पुढे सरकावे लागते. नमन संक्षिप्त होते, गीते ध्वनिक्षेपकांच्या गोंगाटात बुडतात आणि ठळक रंगांचे पोशाख, झेंडे, छत्र्या हे दिसणारे घटक वाढत जातात. स्पर्धेने अनेक गावांतील तरुणांना पथके उभारण्यास प्रवृत्त केले, त्यांना ढोल-ताशांसाठी चार पैसे मिळवून दिले, हेही नाकारता येत नाही. शहरातील मिरवणुकीने गावचा शिगमो संपवला, असे सरधोपट विधान करणे योग्य होणार नाही. अनेक गावांत दोन्ही चालू आहेत. बदलते ते मूल्यमापन. मांडावर गीत कोणाला किती पाठ आहे याला मान असतो. रस्त्यावर चित्ररथाच्या उंचीला.

याउलट जी कला शब्दावर उभी आहे, ती या प्रसाराच्या परिघातच येत नाही. गोव्यातील मराठी रंगभूमीचा मोठा भाग देवळांच्या उत्सवांवर पोसलेला आहे. गावचे शिक्षक, दुकानदार, कारकून महिनोन्महिने तालमी करून जत्रेला नाटक उभे करतात. 'उत्सवी रंगभूमी' असे सार्थ नाव तिला मिळाले आहे. दुसऱ्या बाजूला तियात्र आहे. १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत पहिला प्रयोग झालेला हा कोकणी नाट्यप्रकार आजही मुख्यतः तिकीटविक्रीवर चालतो. त्यातील 'कांतारां' ताज्या राजकारणावर टीका करतात, मंत्र्यांची नावे घेऊन टोप्या उडवतात आणि प्रेक्षक त्यांना भरभरून दाद देतात. कोणताही समाज ज्या कलेशी स्वतःहून, पदरचे पैसे खर्चून नाते ठेवतो, तिला त्या समाजाची जिवंत कला म्हणावे लागते. या निकषावर मराठी नाटक आणि तियात्र या पणजीच्या जिवंत कला ठरतात. पण पर्यटनाच्या माहितीपत्रकात त्यांना अभावानेच जागा मिळते. अडीच-तीन तास बसून न कळणाऱ्या भाषेतील नाटक पाहण्यास पाहुणा तयार होणार नाही, हे उघड आहे. त्याबद्दल पाहुण्याला दोष देता येत नाही. प्रश्न पाहुण्याचा नसून, पाहुण्याच्या सोयीने आखलेल्या धोरणालाच सांस्कृतिक धोरण समजण्याचा आहे.

महोत्सवांचे ऋण आणि मर्यादा

१९५२ साली मुंबईत सुरू झालेला भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ साली प्रथमच गोव्यात भरला आणि पुढे गोवा हेच त्याचे कायमचे स्थान झाले. या महोत्सवानिमित्त वैद्यकीय महाविद्यालयाच्या जुन्या इमारतींची डागडुजी झाली, शेजारी बहुपडदा चित्रपटगृह उभे राहिले, नदीकाठचा पदपथ सुधारला. गोव्यातील एका पिढीला जागतिक चित्रपट पाहण्याची सवय लागली ती या महोत्सवामुळे. २०१६ पासून डिसेंबरमध्ये भरणाऱ्या सेरेंडिपिटी महोत्सवानेही एरवी बंद असणाऱ्या वास्तूंची दारे उघडली. नोंदणी केली की प्रवेश विनामूल्य असल्याने शाळकरी मुलांपासून गृहिणींपर्यंत अनेक जण समकालीन कलेपुढे उभे राहिले. पाककला, हस्तकला, संगीत, दृश्यकला यांना एका छत्राखाली आणण्याची त्याची कल्पनाही स्वागतार्ह आहे.

या ऋणाची नोंद केल्यावरच मर्यादेची चर्चा न्याय्य ठरते. महोत्सवाचा काळ मोजक्या दिवसांचा असतो. त्यासाठी निवडकर्ते, तंत्रज्ञ, प्रकाशयोजना, पुष्कळदा कलाकृतीही बाहेरून येतात आणि काम संपताच परत जातात. स्थानिक कलाविद्यार्थ्यांना स्वयंसेवकाची ओळखपत्रे आणि काही दिवसांचा मोलाचा अनुभव मिळतो. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत मात्र त्याच विद्यार्थ्याला शहरात प्रदर्शनासाठी परवडणारी भिंत आणि तालमीसाठी परवडणारी खोली शोधावी लागते. महोत्सवाने प्रेक्षक घडवला, हे मान्य. कलावंताला लागणारी दैनंदिन व्यवस्था घडवणे ही महोत्सवाची जबाबदारी नव्हती आणि असूही शकत नाही. ती संस्थांची जबाबदारी आहे. म्हणूनच पणजीच्या सांस्कृतिक धोरणाची खरी कसोटी कला अकादमीच्या वास्तूपाशी लागते.

कला अकादमी : वास्तू आणि व्यवहार

कला अकादमीची स्थापना १९७० सालची, मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या काळातील. काँपाल येथील तिची वास्तू चार्ल्स कोरिया यांनी रचली आणि १९८३ पर्यंत ती पूर्ण झाली. हजाराच्या आसपास आसनांचे दीनानाथ मंगेशकर कला मंदिर, त्याच्या दुप्पट क्षमतेचे खुले रंगमंदिर, तालमीच्या खोल्या, संगीत-नृत्य-नाट्य यांचे वर्ग असे तिचे स्वरूप. कोरियांच्या रचनेचे मर्म असे की, रस्त्यावरून येणारा माणूस तिकीट न काढता, कोणतेही दार न उघडता, छताखालून चालत थेट नदीपर्यंत पोहोचतो. वाटेत त्याला तबल्याचे बोल ऐकू येतात, पायऱ्यांवर संवाद पाठ करणारी मुले दिसतात. सभागृहाच्या अंतर्भागात मारिओ मिरांडा यांनी जुन्या धर्तीचे सज्जे आणि त्यांत बसलेला नटूनथटून आलेला प्रेक्षकवर्ग चितारला होता. नाट्यगृह हे शहराच्या नित्य रहदारीचा भाग असावे, हा विचार या वास्तूत दगडमातीत उतरलेला दिसतो. 'कला, संस्कृती आणि नदीकाठ' यांची सांगड कशी घालावी याचे उत्तर पणजीने चाळीस वर्षांपूर्वीच दिले होते, असे म्हणावयास हरकत नाही. त्यासाठी नवी घोषणा नको होती.

२०१९ साली खुले रंगमंदिर पाडण्याचा विचार पुढे येताच वास्तुविशारद, रंगकर्मी आणि नागरिकांनी त्याला विरोध केला. २०२१ मध्ये नूतनीकरणासाठी वास्तू बंद झाली. जुलै २०२३ मध्ये, काम चालू असतानाच, खुल्या रंगमंदिराच्या मंचावरील छत कोसळले. रात्रीची वेळ असल्याने जीवितहानी टळली. नोव्हेंबर २०२३ मध्ये वास्तू पुन्हा खुली झाली, परंतु ध्वनिव्यवस्था, प्रकाशयोजना आणि गळती यांविषयी रंगकर्मींच्या तक्रारी थांबल्या नाहीत. २०२४ साली सरकारला त्यांच्यातीलच मंडळींचा कार्यगट नेमावा लागला. ज्या सभागृहात ध्वनिवर्धकाविना बोललेले वाक्य शेवटच्या रांगेत पोहोचत असे, असे जुने नट आवर्जून सांगतात, त्या सभागृहाच्या ध्वनीबद्दल ही वेळ आली.

या प्रकरणातील दोषनिश्चिती हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. ती तज्ज्ञांनी व न्यायव्यवस्थेने करावयाची गोष्ट आहे. येथे महत्त्वाचे आहे ते दुसरेच निरीक्षण. दोन वर्षांहून अधिक काळ राजधानीतील प्रमुख नाट्यगृह बंद राहिले. नाटके आणि तियात्रे फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिराकडे, मडगावच्या रवींद्र भवनाकडे वळली; पणजीच्या रसिकाला नाटकासाठी तासाभराचा प्रवास करावा लागला. याच काळात, करोनाच्या साथीतून सावरताना, पर्यटकांची संख्या मात्र वाढत गेली. सरकारी आकडेवारीनुसार २०२४ मध्ये गोव्यात एक कोटीहून अधिक पर्यटक आले. नाट्यगृहाच्या बंद दारामुळे या आकड्यात एकाचीही घट झाली नसावी. आणि ज्या धोरणात यशाचे माप पर्यटकसंख्या हेच असते, त्या धोरणाला अशी हानी दिसूच शकत नाही. ती हानी झाली ती नदीकाठच्या पायऱ्यांवर संवाद पाठ करणाऱ्या मुलांची, आणि त्यांची मोजणी कोणत्याही खात्याच्या तक्त्यात होत नाही.

एक गोष्ट ओघाने नमूद केली पाहिजे. वास्तू सुस्थितीत होती तेव्हाही इफ्फीच्या काळात ती महोत्सवाच्या स्वाधीन होत असे. पावसाळा सरून नाट्यहंगाम भरात येतो तो नेमका हाच काळ. पाहुणा आला की घरच्यांनी ओसरीवर निजावे, ही आपल्याकडील रीतच आहे. पण पाहुण्यांचा राबता बारमाही झाला, तर घराची व्यवस्था नव्याने लावावी लागते.

काठ कोणाचा?

मळा आणि फोंताइन्हास या जुन्या वस्त्यांत हाच प्रश्न उंबरठ्यावर येऊन ठेपला आहे. रंगवलेल्या भिंती आणि कौलारू सज्जे यांच्या पार्श्वभूमीवर विवाहपूर्व छायाचित्रणासाठी जोडपी येतात, घरांच्या पायऱ्यांवर बसतात. रहिवाशांनी छायाचित्रणास मनाई करणाऱ्या पाट्या लावल्या आहेत. मळ्यातील मारुतीची जत्रा किंवा सेंट सेबॅस्टियन कपेलाचे फेस्त यांच्याशी या गर्दीचा संबंध येत नाही. तिला भिंत हवी असते. भिंतीआडचे शेजारपण तिच्या खिजगणतीत नसते.

नदीवरील तरंगत्या कॅसिनोंविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. १९७६ च्या जुगारविषयक कायद्यात १९९२ व १९९६ साली केलेल्या दुरुस्त्यांतून त्यांचा मार्ग मोकळा झाला आणि २००१ पासून ती जहाजे मांडवीत आली. त्यांना नदीतून हलवण्याची आश्वासने सर्व पक्षांच्या सरकारांनी दिली आणि मुदतवाढीही सर्वांनीच दिल्या. नैतिक प्रश्न बाजूला ठेवला तरी सांस्कृतिक नियोजनाच्या दृष्टीने एक वस्तुस्थिती उरते. बांदोडकर मार्गावरून संध्याकाळी चालणाऱ्या माणसाला नदी दिसण्यापूर्वी त्या जहाजांची रोषणाई, त्यांचे धक्के आणि त्यांच्या तिकीटखिडक्या दिसतात. कोरियांनी ज्या नदीकडे वाट मोकळी ठेवली, तिच्याच काठावर काही अंतरावर प्रवेशशुल्क आकारणारी दारे उभी आहेत. त्यांच्या पलीकडे बेतीची फेरीबोट पायी उतारूंना आजही विनामूल्य पैलतीरी नेते. ती मात्र कोणत्याही सांस्कृतिक नकाशावर दाखवलेली नसते.

मूल्यमापनाची फेरमांडणी व्हायची असेल, तर कला व संस्कृती संचालनालय आणि पर्यटन खाते यांच्या वार्षिक अहवालांतच काही नवे रकाने घालावे लागतील. राजधानीतील सभागृहे वर्षातून किती दिवस स्थानिक संस्थांना, कोणत्या भाड्याने उपलब्ध होती? तालमीच्या खोल्या किती तास वापरात होत्या? शिगम्याच्या मिरवणुकीत उतरलेल्या पथकांपैकी किती पथकांच्या गावी मांडावरचा शिगमो चालू आहे? महोत्सवावर झालेल्या खर्चातून कोणते साहित्य, कोणते प्रकाशदिवे, कोणती भिंत शहरात मागे राहिली? नौकेवर देखणी नाचणाऱ्या कलावंताला एका फेरीमागे काय मिळते? यांतील एकाही प्रश्नासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. सभागृहाच्या आरक्षणाची नोंदवही, पथकांचे अर्ज आणि कलावंतांच्या मानधनाच्या पावत्या एवढी साधने पुरतात, आणि ती संबंधित कार्यालयांच्या कपाटांत आधीच पडून आहेत.